शनिवारची रुईची पानं

हे आजवर माझ्या तोंडून कुणासमोर निघालेलं नाही. पुतण्यासमोर नाही, डॉक्टरांसमोर नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायला बसलो की जीभ जड होते आणि मी फुलपाखरांचंच काहीतरी बोलत सुटतो. आताही तसंच होणार, मला ठाऊक आहे. थोडं सोसा.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. जन्मभर भोंग्यावरून गाड्या पुकारल्या. स्टँडवरचे लोक आवाज ओळखायचे, माणूस कुणी ओळखला नाही. लग्न राहून गेलं. निवृत्त झाल्यावर मुरुडच्या अलीकडे आमचं घर आणि छोटी नारळाची वाडी आहे, तिथे येऊन राहिलो. थोरला भाऊ आधीच गेलेला. घरात वहिनी एकट्या. त्यांचा मुलगा प्रमोद पनवेलला कंटेनरच्या धंद्यात. किती दिवस राहणार, पुढे काय, असं एका शब्दाने न विचारता वहिनींनी माझं ताट वाढलं, आणि तेव्हापासून रोज वाढतात. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकताना लक्षात असू द्या.

फुलपाखरांचा नादही त्यांच्यामुळेच लागला. कढीपत्त्यावर एक अळी बसली होती, अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी. वहिनी ती झटकून टाकणार होत्या. मी म्हटलं, थांबा, बघू तरी. काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, रोज ताजी पानं घातली. अळी हिरवी झाली, फुगली, कोष झाला, आणि एका सकाळी त्यातून काळं फुलपाखरू ओले पंख घेऊन बाहेर आलं. मी त्या दिवशी चहा प्यायचा विसरलो. मग मी पानफुटी लावली, कण्हेर लावली. आणि रुई. रुई तर कुठेही उगवते, पण मी ती कुंपणाशी, पायरीवरून नीट दिसेल अशी वाढवली. तिच्यावर ती नारंगी पंखांची, काळ्या किनारीची फुलपाखरं अंडी घालतात, पानाच्या खालच्या अंगाला, एकेक.

हळूहळू लोक येऊ लागले. अलिबागकडे बंगले असलेली मुंबईची मंडळी, त्यांची मुलं, कधी एखाद्या शाळेच्या बाई. ‘फुलपाखरूवाले काका’ हे नाव पडलं. साठी उलटल्यावर पहिल्यांदा कुणी मला भेटायला म्हणून वाट वाकडी करून येत होतं. हवा डोक्यात जाते हो. माझ्या गेली.

आता रुईचं सांगतो — सांगायलाच हवं.

वहिनी दर शनिवारी गावातल्या मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायच्या. भावाच्या आजारपणात धरलेलं व्रत, तो गेल्यावरही सोडलं नाही. पूर्वी त्या रस्त्याकडेची पानं आणत. मग रस्ता रुंद झाला, तिथली रुई गेली, आणि उरली ती माझी. मी नियम केला. पानं मी तोडून देणार, तुम्ही हात लावायचा नाही. एकेक पान उलटं करून बघायचो. अंडं नाही, बारकी अळी नाही, अशीच पानं, तीही खालची जून झालेली, त्यांना द्यायचो. कोवळी पानं अळ्यांची. देवाला जून पानं आणि अळीला कोवळी, यावर वहिनी हसायच्या. ‘‘तुमचा देव बारीक हाय, पण खातो लय,’’ म्हणायच्या.

नियमाचं कारण मी त्यांना अंड्यांचं सांगितलं. दुसरं कारण सांगितलं नाही. ते मला पक्कं माहीत होतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि सुरुवातीला दुखतही नाही, नुसतं धुरकट दिसतं, म्हणून माणूस गाफील राहतो. हे मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचो. गेटातून आत आल्या आल्या, भोंग्यावरच्या आवाजात. मुलांना तर दोनदा. मग वहिनींना का नाही? त्यांना काय सांगायचं, त्या घरातल्याच, असं वाटलं असेल. किंवा तेवढंही वाटलं नसेल. मधे एकदा प्रमोदला कुणीतरी चिकाचं सांगितलं, तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, ‘‘काका, ती रुई काढून टाका, आई एकटी वावरते तिथे.’’ मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, तुझी आई त्या झाडाला हातच लावत नाही. वहिनींना मात्र ते बोलणं कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनीच म्हटलं असतं, काढा. आणि मला रुई हवी होती.

तो शनिवार. आदल्या दिवशीच कोष काळे पडले होते, आतले नारंगी पंख बाहेरून दिसत होते. म्हणजे सकाळी फुलपाखरं निघणार. मी बंगल्यावाल्यांना फोन करून बोलावून ठेवलं होतं. सकाळपासून माझी नुसती धावपळ. अंगण झाडलं, खुर्च्या मांडल्या, बरण्या पुसल्या. वहिनी दोनदा दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एकदा म्हणाल्याही, ‘‘भावजी, पानं...’’ मी हाताने थांबा अशी खूण केली. मग विसरलो.

त्यांनी तरी किती वाट बघायची? देवळात जायची वेळ टळत होती. त्यांनी स्वतःच पानं तोडली. वरची, हाताला आली ती, कोवळी. माळ ओवली, आणि ओवता ओवता कपाळावरचा घाम पुसला असेल, डोळा चोळला असेल. देवळातून परत आल्या त्या पदराचं टोक उजव्या डोळ्याला लावून. मला म्हणाल्या, ‘‘डोळ्यासमोर धुकं आल्यासारखं झालंय. दुखत न्हाय.’’

दुखत नाही. ते शब्द मी ऐकले, आणि काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. हे लक्षात घ्या. मला शंका नव्हती. झाडाकडे पाहिलं, तर वरचे देठ तुटलेले, त्यांच्यातून पांढरा चीक ठिबकत होता. मी काय केलं असेल? हातातली बरणी खाली ठेवून त्यांना धरून मोरीवर नेलं असेल, पाण्याने डोळा धुतला असेल, शेजारची रिक्षा बोलावली असेल — तुम्हाला तसं वाटत असेल. मलाही कधी कधी रात्री असंच केल्याचं आठवतं, आणि मग जाग येते.

मी त्यांच्यावर ओरडलो. म्हणालो, त्या पानांवर अंडी होती. देवाच्या नावाने जीव मारलेत तुम्ही.

वहिनींनी डोळ्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हात जोडले. ‘‘चुकलं माजं,’’ म्हणाल्या. तो डोळा लाल झाला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, आत जाऊन पडा, गुलाबपाणी घाला, बरं वाटेल. त्या गेल्या. तेवढ्यात गेटाशी गाडी थांबली.

आणि आता ऐका. पाहुणे आत आले. मी नेहमीप्रमाणे त्यांना रुईपाशी नेलं. अळी पान खाण्याआधी त्याची शीर कशी कुरतडते, चीक आधी कसा वाहून जाऊ देते, ते दाखवलं. आणि मग मी खणखणीत आवाजात म्हणालो, झाडाला कुणी हात लावू नका, चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. खिडकी उघडी होती. वहिनी आतल्या खोलीत ओला फडका डोळ्यावर ठेवून पडल्या होत्या. त्यांनी ऐकलं असेल का? मला माहीत नाही. त्यांनी कधी दाखवलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. फुलपाखरं निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी जाताना मला हात जोडून नमस्कार केला. मी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला तेव्हा मी वहिनींना मुरुडला नेलं. रिक्षात बसल्यावर मी त्यांना म्हटलं, रुईचं नाव काढू नका. डॉक्टर उगाच चिडतील, प्रमोदच्या कानावर गेलं तर तो ओरडेल. झाडताना कचरा गेला म्हणा. वहिनींनी मान हलवली. हे तर मी घाबरून केलं असंही नाही. रात्रभर विचार करून केलं. मी कशाचा विचार करत होतो? त्यांच्या डोळ्याचा नव्हे. रुई तोडावी लागेल याचा, आणि ‘फुलपाखरूवाल्या काकांच्या घरातच’ असं लोक म्हणतील याचा.

मुरुडच्या डॉक्टरांनी थेंब दिले. पुढे अलिबागला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तर नीट विचारलं होतं. चुना उडाला का, खत, फवारणीचं औषध, एखाद्या झाडाचा चीक? ‘चीक’ हा शब्द त्यांनी उच्चारला. मी वहिनींच्या आधी बोललो. म्हटलं, नाही, कचरा. बुबुळ पांढरट होत गेलं आणि तसंच राहिलं. त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. वेळेवर सांगितलं असतं तर डोळा वाचला असता का? मला ठाऊक नाही. हे कुणाला तरी विचारायचं, तर आधी सगळं सांगावं लागतं.

प्रमोद आला तेव्हा आईलाच रागावला. झाडताना जरा डोळे सांभाळता येत नाहीत का, म्हणाला. त्या माझ्याकडे न बघता भाकऱ्या थापत राहिल्या. मी ओटीवर बसून पेपर वाचत होतो. म्हणजे धरून बसलो होतो.

पण यापेक्षाही वाईट आहे ते राहिलंय. वहिनींनी माळ घालणं बंद केलं. मला वाटलं, एका डोळ्याने ओवायला जमत नाही म्हणून. मग एकदा त्या शेजारच्या रेश्माच्या आईला सांगताना मी ऐकलं. म्हणत होत्या, ‘‘मी न विचारता पानं घेतली. जीव होते त्यांच्यावर. मारुतीने डोळा घेतला.’’ आता शनिवारी त्या निर्जळी उपास करतात. या वयात, कोकणातल्या उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नाही. देवळात जातात, पण बाहेरूनच हात जोडतात. गाभाऱ्यापर्यंत जायची त्यांना लाज वाटते. हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं? देवाच्या नावाने जीव मारलेत, हे वाक्य माझं. अंडी होती म्हणे! मी त्या दिवशी ती पानं पाहिलीही नव्हती. माळेत एखादं अंडं होतं की नव्हतं, मला काहीच माहीत नाही.

एका वाक्यात हे सगळं मोडता आलं असतं. वहिनी, तो चीक होता, चूक माझी होती. किती शब्द होतात? रोज जेवायला समोरासमोर बसतो. त्या एका डोळ्याच्या अंदाजाने चाचपडत ताटाशी मीठ ठेवतात. शब्द तोंडात येतो, मी आमटी मागतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू निघाला. तोच एक उरलेला. प्रमोद गाडी घेऊन आला, तिघं अलिबागला दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, तरुण. एकच डोळा चालू आहे तेव्हा ऑपरेशन जपून करायला हवं, म्हणाल्या, आणि उजव्याचं नेमकं काय झालं होतं ते विचारलं. मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, ‘‘माज्या पापानं गेला, बाय.’’ डॉक्टरीणबाई क्षणभर गोंधळल्या. आजी, असं काही नसतं, म्हणाल्या, आणि हसून माझ्याकडे वळल्या. खोलीत आम्ही तिघंच होतो. घाई नव्हती. पाहुणे नव्हते. प्रमोद बाहेर गाडी लावायला गेला होता. वहिनींनीही मान माझ्याकडे केली होती, आणि त्यांचा तो पांढरा डोळा उघडा होता.

‘‘कचरा गेला होता,’’ मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. वहिनींनी मान खाली घातली. येताना गाडीत त्यांनी मला विचारलं, ऑपरेशनच्या दिवशी शनिवार आला तर उपास मोडलेला चालेल का. मी म्हटलं, देवाला विचारा.