दोधूची सव्वा मूठ

कोरीटच्या दोधूला इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं, पण त्याने त्यावर अख्खा पार गाजवला. नंदुरबारच्या डाक बंगल्यावर तो पाणी भरायचा. तिथल्या खानसाम्याने त्याला 'टेक' शिकवलं. टेक म्हणजे घे. गावी आला की दोधू सांगत बसायचा: आपण चहा पितो, अंघोळ करतो, दम खातो, फोटो काढतो. साहेबाला एवढी यातायात नाही. तो चहा टेक करतो, अंघोळ टेक करतो, विसावा टेक करतो, फोटोही टेकच करतो. लोक पोट धरून हसायचे.

हसायचा नाही तो त्याचा थोरला काका भिला. या माणसाचं दुधाने कधी तोंड पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकून प्यायचा. त्याने एकदाच विचारलं, "ज्या मानूसले इतलं लेवानी सवय शे, तो वावर सोडी का?"

घ्यायची इतकी सवय असलेला साहेब आपलं शेत सोडेल का, हा प्रश्न घेऊन लोक पारावरून उठले.

नेमकं त्याच आखाडात साहेबाची माणसं मोजणीची साखळी घेऊन कोरीटच्या शिवारात उतरली. झेंडी धरून पुढे कोण? दोधू. कशाची मोजणी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. झेंडी धर म्हटलं, त्याने धरली. पण बांधावरून भिलाने पाहिलं आणि भाऊबंदांच्या कानी लागला. पोरगा फितला, आधी शब्द शिकला, आता वावरं दाखवतो आहे. मग दोधूने रामराम केला तरी लोकांना त्यात काहीतरी दिसायचं. तो ओट्यावर आला की बोलणं पिकापाण्यावर जायचं. त्या बिचाऱ्याला वाटायचं, यंदा सगळ्यांना शेतीची फार काळजी लागली आहे. इतका भोळा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचा मला रागही येतो.

श्रावणात कानबाई आली, खानदेशात घरोघरी भाऊबंद मिळून बसवतात ती देवी. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, भाऊबंदकीतल्या प्रत्येक जित्या पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. रोट खायचे तेही भाऊबंदांनीच, परक्याला तुकडा मिळत नाही. गहू मापायचा मान भिलाचा. एकेक नाव घेत तो मूठ टाकत होता. दोधूचं नाव आलं तेव्हा त्याने हात झटकला आणि सूप पुढे सरकवलं. दोधू तिथेच उभा होता. पहिल्यांदाच त्याला सगळं कळलं, आणि त्याचं तोंड उतरलं.

त्याची आई सिंधुबाई विधवा होती. जेठासमोर, म्हणजे या थोरल्या दिरासमोर, तिने जन्मात तोंड उघडलं नव्हतं. आताही तिने पदर नाकापर्यंत ओढला आणि भिलाच्या बायकोकडे, धनुबाईकडे, तोंड करून बोलली.

"बाई, दोधूनी मूठ राही गयी. म्हणजे मन्हा पोऱ्या मरी गया. मंग घरमा सुतक शे. सुतकमा कानबाई कशी बसाडशात?"

एवढं बोलून ती पाटापाशी गेली आणि कानबाईसाठी मांडलेला नारळ उचलून बाजूला ठेवू लागली. भाऊबंद एकमेकांकडे पाहू लागले. दोधू जिवंत, तर मूठ हवी. मेला, तर सुतक, आणि मग कानबाईच नाही. सुतकात देवी बसवायची हिंमत भिलाच्या संशयातही नव्हती. त्याने सूप मागे ओढलं आणि मूठ टाकली, पण डोळे दोधूवरच रोखून.

मोजणी रस्त्याची होती, हे पुढच्या साली कळलं. रस्ता काही आला नाही. भिला मरेपर्यंत म्हणायचा, रस्ता नुसतं निमित्त होतं.

दोधूने बंगल्याची नोकरी सोडली नाही, पण गावात पुन्हा ते क्रियापद उच्चारलं नाही. कोणी हसून गूळ दिला तरी आधी देणाऱ्याकडे बघायचा. पुढे भिला गेला, मापायचा मान त्याच्या मुलाकडे गेला, आणि तो दोधूला जीव लावणारा होता. तरी दर श्रावणात दोधू सुपाशी जाऊन उभा राहायचा. आपली मूठ पडलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो खाली बसत नसे.