दुसरी सुई

जऊळक्याच्या स्टेशनावर तो एकदाच उतरला, खांद्याला बर्फाचा थर्मास अडकवून. गुरांच्या दवाखान्यातला लस टोचणारा. नाव मी विचारलं नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची.

त्याच सकाळी माझी लाडकी शेळी तडफडून मेली होती. तिच्या आतड्याचा तुकडा त्यानं दोन्ही टोकांना दोरा बांधून बर्फात ठेवला, कोणत्या जंतूचं विष ते तपासायला.

"काय चारलं होतं?"

"टोपलंभर ज्वारी. लाडाची होती."

"जंतू तं पोटात राह्यतेच. दाना जास्त झाला का विष सोडते." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुले कोनी सांगतलंच नसन."

उरलेल्या शेळ्यांना त्यानं लस टोचली. टोचल्या जागी अंगठा ठेवून तो शेळी शांत होईपर्यंत थांबायचा.

"पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. पहिल्या सुईनं रक्ताले नुसती ओळख होते. दुसरीनं ध्यानात राह्यते."

पंधरा दिवस मी गाडीच्या वेळेला शेळ्या स्टेशनाकडेच चारल्या. शेवटी उतरला तो दुसराच माणूस. पहिल्याची बदली झाली म्हणाला. त्यानं शेळ्या भराभर टोचल्या, अंगठा कोणावर ठेवला नाही.

शेळ्यांना दुसऱ्या सुईची गरज होती. मला पडली नाही.