पाठ करून ऐकणारा

मुलांनो, तुमच्या आजोबांची जुनी दोन सीटची स्पोर्ट्‌स कार विकायची वेळ आली होती. तिचा ताठ गिअर ओढताना माझा खांदा दुखायचा. ती वाचवली मांडवीच्या एका मेकॅनिकने. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. तोही मला नुसतं काकू म्हणतो.

गाडी सुरू केली की तो तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. मला आधी तो उद्धटपणा वाटला. मग समजलं, तो ऐकत असतो.

"जुन्यात चार गिअर, ह्यात पाच," नंतरच्या मॉडेलचा गिअरबॉक्स दाखवत तो म्हणाला. त्याचा दांडा गाडीतल्या जुन्या भोकाच्या बराच मागे येत होता, पण नव्या भोकासाठी पत्रा कापायला मेकॅनिक तयार नव्हता. "कापलं की गेलं, काकू." त्याने मला सीटवर बसवून डोळे मिटायला लावले. माझा हात जिथे पडला तिथे मूठ येईल असा दांडा वाकवला आणि जुन्याच भोकातून वर काढला. त्यात तीन आठवडे गेले.

काल मी एकटीने गॅरेजसमोरच्या सरळ रस्त्यावर चक्कर मारली. दांडा दोन बोटांनी सरकत होता. खांद्याला कळलंही नाही. परत आले तेव्हा तो दारात पाठ करूनच उभा होता.

"तिसरा घाईत टाकलात," तो म्हणाला. "आणि पाचवा टाकलातच नाय. मग मी बसवला कशाला?"

खरंच, इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात चौथ्यावर थांबला होता. मी गाडी वळवली आणि पाचवा टाकायला पावस गावाच्या लांब रस्त्याला लागले.