बॉयलरची दोन तोंडं

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. कोल्हापुरात गिरणीचं धुराडं नवंनवं उभं राहिलं होतं आणि मी गंगावेशीत गणपती घडवत होतो. माझा एक मित्र त्या गिरणीत बॉयलरवर होता. मालकानं त्याला यंत्रं शिकायला जपानला धाडलं, तर हा पठ्ठ्या तिथल्या झेन मठातून चित्रं काढायची आणि भिंतीकडं तोंड करून गप्प बसायची सवय घेऊन आला. चित्रं तरी कसली? काजळीनं काढलेली चाकं, नळ, पट्टे. मी थट्टा करायचो, "ह्यात देव न्हाय, माणूस न्हाय. हाय तरी काय?"

"काय न्हाय. तेच तर पायजे," तो म्हणायचा.

एकदा त्यानं कारण सांगितलं. त्याचा थोरला भाऊ लांबच्या एका गिरणीत बॉयलरपाशी भाजून मेला होता. मी त्या भावाला कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून बॉयलरची कोळसा टाकायची दोन गोल तोंडं उघडली की भाऊ त्यातून बघायचा म्हणे. ती तोंडं रिकामी दिसेपर्यंत काढत राहायचं, एवढंच त्याला करायचं होतं. वर्षभर त्यानं दुसरं काही काढलं नाही.

श्रावण सरता सरता तो एक कापड घेऊन आला. काळ्यावर दोन पांढरी वर्तुळं. "जमलं," म्हणाला. इतका निवांत चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. घरात ओल होती म्हणून चित्र माझ्याकडं वाळत ठेवून तो कामावर गेला.

मला गणपतीची घाई. सकाळपासून नुसती डोळ्यांचीच आखणी चालली होती. एक मूर्ती सरकवायची, दुसरी ओढायची. केव्हातरी मान वर केली, तर चित्रातून कुणीतरी माझ्याकडं बघत होतं. दोन्ही वर्तुळांत बुबुळं काढलेली होती, रंग अजून ओला होता. कुंचला माझ्याच हातात होता.

दुपारच्या सुट्टीत तो आला. चित्रापुढं जाऊन उभा राहिला.

"उजवा डोळा तिरळा होता भावाचा. तुला कुणी सांगिटलं?"

मी उभ्या जन्मात तिरळा डोळा काढलेला नाही.

"पूस की," तो म्हणाला.

"डोळं उघाडल्यावर पुसत न्हाईत. पाण्यात सोडायचं."

आम्हा मूर्ती घडवणाऱ्यांत तसंच आहे; डोळे आखले की मूर्तीत जीव आला. पण भावाला पाण्यात कसं सोडणार? त्यानं कापड गुंडाळलं आणि घरी नेलं. पुढं कधीही गेलो तरी तो भिंतीऐवजी त्या चित्राकडं तोंड करून बसलेला असायचा. कुंचला त्यानं पुन्हा धरला नाही. रंग ओला होता तोवर एका फडक्याचं काम होतं, आणि फडकं माझ्या खांद्यावर होतं.