‘दाबून राह्यलो’ आणि काकांचं शटर

“दाबून राह्यलो ना साहेब, कवापासून दाबूनच राह्यलो,” वसंतकाका फोनवर सांगत होते आणि मी नागपुरात ऑफिसच्या खुर्चीत कपाळाला हात लावून बसलो होतो. तीन-चार दिवस आमचं हेच चाललं होतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. दोन हजार सालानंतर नोकरीसाठी नागपूरला आलो. मोटरवर चालणारी शटरं आणि गेट बसवणाऱ्या डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर होतो. वसंतकाका वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे या गावचे, सरकीचे व्यापारी. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, वाकून शटर उचलणं बंद. म्हणून त्यांनी गॅरेजला आमच्याकडून मोटर बसवून घेतली होती. सोबत तीन रिमोट दिले होते. पहिला काकांनी कुठल्याशा पंगतीत हरवला. दुसरा सरकीच्या ढिगात गेला. तिसरा कुसुमकाकूंनी जप्त केला आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून कमरेला खोचला. ते मॉडेल बंद झालं होतं, नवा रिमोट मिळत नव्हता. त्यामुळे काकांचा हॉर्न वाजला की काकू हातातलं काम टाकून बाहेर. बाई घरात अडकून पडली होती.

अशात काकांनी मोठी परदेशी गाडी घेतली. तिच्या आरशाखाली तीन बटणं होती. ती म्हणजे गाडीतच बसवलेला रिमोट. हातातल्या रिमोटचा सिग्नल गाडीला एकदा शिकवला की पुढे गाडीतूनच शटर उघडतं. हरवायची भानगड नाही. एवढी मोठी गाडी काकासुद्धा हरवू शकत नव्हते. आमच्या रिमोटची फ्रिक्वेन्सी गाडीला चालते हे मी आधीच पाहून घेतलं होतं. शिकवणं तेवढं जमेना.

पहिली पायरी तर अगदी सोपी. कडेची दोन बटणं एकदम दाबून राहायचं. बारीक दिवा भराभर लुकलुकायला लागला की गाडीच्या डोक्यातलं जुनं सगळं पुसलं गेलं असं समजायचं. मी फोनवर विचारायचो, “काका, दाबून राहिलात ना?” ते म्हणायचे, “दाबून राह्यलो.” दिवा काही लुकलुकायचा नाही. गाडीचा तो भागच खराब आहे, असं माझं जवळपास ठरलं होतं.

शेवटी आमचे मालक माझ्या टेबलापाशी आले. “काऊन रे, तो माणूस रोज फोन करून राह्यला अन् तू इथं बसून काय करून राह्यला? जाऊन ये ना.”

गेलो. दारातच काकू. ओसरीवर भरलेली बॅग, त्यावर नव्या साडीचा बॉक्स. पुलगावला सख्ख्या भाचीचं लग्न होतं आणि दुसऱ्या दिवशी हळद. चार दिवस रिमोट काकांच्या हाती द्यावा तर तो परत दिसायची खात्री नाही. गाडी बाहेर ठेवावी तर वानरं टपावर नाचतात, आणि काका जिवापेक्षा गाडीला जपणारे. काकू मला सरळच म्हणाल्या, “आज गाडीनं शटर उघडलं नाई, तर मी राह्यली घरीच. मावशीशिवाय हळद लागन तिले. मंग मी तिले काय तोंड दाखवू?”

मी जरा चरकलोच. गाडीचाच भाग खराब निघाला असता तर माझ्या हातात काहीच नव्हतं. रिमोटचा सेल बदलला. स्टुलावर चढून मोटर उघडली, वायरी पाहिल्या, सगळं ठणठणीत. मग हात टेकले आणि म्हणालो, “काका, तुम्ही कसं करता ते एकदा दाखवा बघू.”

काका गाडीत बसले, दोन्ही अंगठे बटणांवर ठेवले आणि दारावरची बेल वाजवावी तसे टिकटिक, टिकटिक, टिकटिक सुरू झाले. थांबायचं नाव नाही. अंगठे बिचारे लाल झाले होते.

“अहो काका, दाबून राहा म्हटलं होतं ना?”

“मंग काय करून राह्यलो? दाबूनच तर राह्यलो!”

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या भाषेत दाबून राहायचं म्हणजे बोट उचलायचं नाही. त्यांच्या भाषेत ‘दाबून राह्यलो’ म्हणजे दाबण्याचं काम चालू आहे. मालक ‘फोन करून राह्यला’ म्हणाले तेव्हा मला बरोबर कळलं होतं, पण बटणाच्या बाबतीत अक्कल चालली नाही. आम्ही दोघंही खरंच बोलत होतो आणि गाडी मधल्या मध्ये गप्प बसली होती. मला इतकं हसू आलं की मी बॉनेटला टेकलो. काका आधी रागावले, मग कळल्यावर माझ्यापेक्षा मोठ्यानं हसले.

“दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका.” काकांनी धरलं. थोड्या वेळानं दिवा भराभर लुकलुकला. मग रिमोट आरशाजवळ नेला, रिमोटचं आणि गाडीचं बटण एकदम दाबून धरलं. पुन्हा लुकलुक. गाडी शिकली.

आता मोटरला गाडीची ओळख करून द्यायची होती. आमचा रिमोट दर वेळी नवा परवलीचा आकडा पाठवायचा, म्हणून मोटर अनोळखी कुणाचं ऐकायची नाही. मोटरवरचं ‘लर्न’ बटण दाबलं की ती थोडा वेळ कान उघडे ठेवते; तेवढ्यात गाडीतलं बटण दोन-तीनदा टिचकी मारल्यासारखं दाबायचं. मी ‘लर्न’ दाबून ओरडलो, “दाबा!” काका शहाणे झाले होते. त्यांनी इमानदारीत दाबून धरलं. मोटर ढिम्म.

“काका, आता तुमच्यासारखं दाबा!”

टिकटिक, टिकटिक. शटर करकरत वर गेलं.

काकूंचा विश्वास बसेना. त्यांनी काकांना दोन वेळा कोपऱ्यापर्यंत पिटाळलं आणि खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बघत बसल्या. दोन्ही वेळा शटर उघडलं. काकूंनी कमरेचा रिमोट काढून देव्हाऱ्यात ठेवला, बॅग उचलली आणि म्हणाल्या, “मी चालली. तुम्हीबी चला साहेब, स्टेशनपर्यंत एकच रिक्षा करू.”

रिक्षात त्यांनी विचारलं, बिघाड होता तरी काय. मी सगळं सांगितलं. त्या मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“लग्न झाल्यापासून हे मले ‘ऐकून राह्यलो’ म्हणतात,” त्या म्हणाल्या. “तेबी असंच असन, अधूनमधून.”

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला ‘दाबून धरा’ एवढंच सांगतो.