दोन कंपूटरांचा अबोला

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी आमच्या घरातल्या दोन कंपूटरांची बोलचाल मी एकटीनं सहा दिवस बंद पाडून दाखवली.

गोष्ट आमच्या जालन्याकडच्या टेंभुर्णीची, गावात मोबाइल मोजक्याच खिशांत असायचे तेव्हाची. माझा मुलगा दिगंबर घराच्या पुढच्या खोलीत दुकान चालवायचा. झेरॉक्स, अर्ज, दाखले, असलं काम. तिथं एक कंपूटर आणि एक प्रिंटर. सून मनीषा कंपूटरचा कोर्स केलेली. तिची बोटं इतकी भराभर चालायची की बघणाऱ्याला चक्कर यावी. (ज्वारी निवडताना माझी याहून जल्दी चालायची, पण तिचं कौतुक कुणी केलं न्हाई.) तिच्यासाठी जुन्या जालन्यातून दुसरा कंपूटर आणून आतल्या खोलीत मांडला. तिनं आत टाइप करायचं, फाइल वायरीतून पुढं जायची, दिगंबरनं छापायचं. मेकॅनिकनं वायर टाकली, एक फाइल आतून पुढं काढून दाखवली, दोन कप चहा प्यायला आणि गेला.

त्याच संध्याकाळी दोन्ही कंपूटरांनी एकमेकांकडं पाठ फिरवली.

नेमकं तेव्हाच शाळेच्या चाचणीचे सगळे पेपर टाइप करायचं काम मनीषानं हेडमास्तरांकडून मागून आणलं होतं. दिगंबरला हा दुसरा कंपूटर मुळात नकोच होता. तो म्हणाला, "हे काम जमलं तर ठीक. न्हाई तर सोमवारी हा खोका जालन्याला वापस!"

मनीषा तडक चुलीपाशी गेली. त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरात थापल्या गेल्या. दोन घरं सोडून ऐकू गेल्या म्हणतात.

टाइप करण्यातच आठवडा गेला आणि शनिवारी साडेनऊलाच हेडमास्तर पेपर न्यायला हजर. अकराला आमच्याकडची लाईट जायची, ती संध्याकाळी पाचलाच यायची. सगळे पेपर आत तयार आणि प्रिंटर पुढं. आतल्या कंपूटरचं फ्लॉपीचं तोंड बिघडलेलं. प्रिंटरच उचलून आत न्यावा म्हटलं, तर तो कंपूटरला जोडून घ्यायची सीडी सापडेना.

"फाइल दिसून राह्यली का?" मनीषा आतून ओरडली.

"न्हाई!" दिगंबर पुढून.

मी मधल्या दारात उभी. "न्हाई म्हणतो गं!"

"ऐकू आलं, आत्याबाई!"

"मंग विचारती काहून?"

दिगंबरनं निदान केलं, की उंदरानं वायर कुरतडली. वायर भिंतीच्या कडेनं पोत्यांमागून गेलेली. हेडमास्तरांना खुर्चीत बसवून त्यानं ज्वारीची बारा पोती हलवली. उंदीर सापडला. वायर शाबूत! उंदीर हेडमास्तरांच्या पायावरून रस्त्याला लागला आणि हेडमास्तर खुर्चीवर उभे राहिले.

मग आतला कंपूटर बंद करून परत चालू करायचा प्रयोग झाला. एकदा न्हाई, तीनदा. मनीषा बटण दाबायची आणि पुढं काय दिसतं ते बघायला पळायची. आत राखणीला मी. काही उपयोग न्हाई! मी मीठ-मोहऱ्या घेऊन दोन्ही कंपूटरांवरून उतरून टाकल्या, तेव्हा हेडमास्तरांनी पहिल्यांदा घड्याळ बघितलं.

शेवटी मनीषानं मधल्या खोलीतल्या फोनवरून जालन्याच्या मेकॅनिकला गाठलं. तिथंच खाटेवर आमचे मालक बातम्यांचा पेपर वाचत पडलेले. मी रिसीव्हरला कान लावून उभी.

"चालू करताना स्क्रीनवर काही लिहून येतं का?" मेकॅनिकनं विचारलं.

"न्हाई," मनीषा म्हणाली. "कधीच न्हाई आलं."

"येतं की," मी म्हणाले.

मनीषानं माझ्याकडं बघितलं.

"रोज सकाळी येतं. तू अंघोळीला जाती, मी कंपूटर पुसून चालू करून ठेवते. मंग एक पट्टी येती. मी ओके दाबते, ती जाती. आज तीनदा आली, तीनदा घालवली!" (आवाजात थोडी ऐट होती, खोटं कशाला बोलू.)

"ओके काहून दाबलं, आत्याबाई?"

"तूच सांगितलं होतं. काही विचारलं की ओके दाबायचं."

"ते सीडी प्लेअरच्या रिमोटचं सांगितलं होतं!"

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "परत चालू करा. अन् त्या बाईंना लांब बसवा."

मला खाटेच्या कडेला बसवलं. मनीषानं पट्टी वाचली आणि पळत येऊन सांगितलं, की या नावाचा एक कंपूटर आधीच आहे म्हणून लिहिलंय.

"मंग सोपं है! दोन्ही कंपूटरांची नावं बोला," मेकॅनिक म्हणाला.

आता मात्र माझी ऐट उतरली.

आमच्या घरात तांब्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यावर मालकांचंच नाव. भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, नाव काय टाकू? एकच नाव टाकलेली चाळीस भांडी एका मांडणीवर बसतात, कधी भांडली न्हाईत. कंपूटरलाही नाव असतं हे कळल्यावर, मेकॅनिक गेला त्याच संध्याकाळी मी मनीषाला हळूच सांगितलं, "सासऱ्याचं टाक." मग पुढं जाऊन दिगंबरला सांगितलं, "बापाचं टाक." दोघांनी ऐकलं. एकानं दुसऱ्याला सांगितलं न्हाई. मीही न्हाई. झालेल्या कामाबद्दल मी बोलत न्हाई.

"नाव बोला ना!" मेकॅनिक.

सासऱ्याचं नाव टाइप करायला मनीषाच्या बोटांना बंदी नव्हती. पण तोंडानं घ्यायचं, तेही सासरा समोर पडलेला असताना?

"ते… आमचे मामा…" ती पुटपुटली.

"मामा? स्पेलिंग बोला."

पुढच्या खोलीत खुर्ची वाजली. हेडमास्तर म्हणत होते, "दिगंबरराव, मी जाफराबादलाच करून घेतो आता." मनीषाचा चेहरा असा उतरला, की सोमवारची जालन्याची गाडी तिला तिथूनच दिसली असावी.

मी रिसीव्हर हिसकावला. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. उखाण्याशिवाय हे नाव माझ्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. आणि उखाणा जुळवायला वेळ कुठं होता?

"किसनराव!" मी ओरडले.

"काय वं?" मालक दचकून उठले.

"बराबर. दुसऱ्याचं?" मेकॅनिक.

"त्याचंबी किसनराव!"

"अगं उठलो ना! बहिरा हाये का मी?"

मेकॅनिक इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, "आतल्याचं बदला. कोणतंबी ठेवा, पण जल्दी."

आम्ही आत पळालो. मालकही मागोमाग, पेपर हातात घेऊन. सगळं ऐकून म्हणाले, "माह्यं काढा. मी काय टाइप करतो का?"

मनीषाची बोटं जागच्या जागी थांबली. "मंग कोणाचं टाकू?"

"तुहं टाक," मी म्हणाले.

"माझं?"

"मंग काय हेडमास्तरचं? चालवतं कोण?"

एवढी भराभर टाइप करणारी ती, पण स्वतःचं नाव तिनं एकेक अक्षर चाचपडत टाकलं. कंपूटर बंद केला, चालू केला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पट्टी आली न्हाई.

आणि पुढून दिगंबरची आरोळी आली, "दिसली! मनीषा दिसली! मनीषा आली!"

बायकोला चार माणसांत 'अगं' म्हणायलाही लाजणारा माझा पोरगा! गल्लीतून दोघी-तिघी धावत आल्या. त्यांना वाटलं, सून सकाळपासून हरवली होती.

प्रिंटर धाडधाड चालू झाला. शेवटचा पेपर निम्मा बाहेर आला आणि लाईट गेली. हेडमास्तरांनी तो ओढून काढला, बघितला आणि म्हणाले, "शेवटचे दोन प्रश्न मी हातानं लिहितो. पुढच्या परीक्षेचंही इथंच करू." जाताना त्यांनी खुर्चीखाली मात्र नीट बघून घेतलं.

सोमवारी जालन्याला काही गेलं न्हाई. पुढच्या वर्षी उलट तिकडून तिसरा कंपूटर आला, कारण गावातल्या पोरी मनीषाकडं शिकायला येऊ लागल्या होत्या. दिगंबरनंच तो हौसेनं उचलून आणला. खोका उघडला, सगळे भोवती जमलो आणि मी नुसता घसा साफ केला.

"न्हाई!" मुलगा, सून आणि मालक एका सुरात ओरडले.

"चहा ठेवू का विचारत होते," मी म्हणाले आणि आत गेले.

(साफ खोटं. या वेळी मी माझं नाव सांगणार होते.)