चार दिवसांची गैरहजेरी

विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या एका योजनेतून जर्मनीची सोळा वर्षांची एक मुलगी वर्षभरासाठी सेलूला आमच्या घरी राहावयास आली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी तिला आपल्या विद्यापरंपरेवर तासभर प्रवचन ऐकवले. आमच्याकडे शिष्य गुरूच्या सान्निध्यात राहतो, त्याच्या मुखातून विद्या ग्रहण करतो, असे मोडक्या इंग्रजीत समजावून सांगितले. ज्याचे आयुष्य संस्कृत पाठशाळेत गेले त्याला असे बोलणे सहज येते. तिने सारे वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या वर्गात जाऊन बसली.

दुपारी ती गोंधळलेल्या चेहऱ्याने परतली. "आजोबा, आज सुट्टी होती का?"

सुट्टी नव्हती. हजेरीपटावर नावे भरगच्च होती; मुले मात्र सारी लातूरला, डॉक्टर होण्याच्या शिकवणीत. नाव सेलूला, मुक्काम लातूरला. प्रात्यक्षिकाला आणि परीक्षेला तेवढे दर्शन द्यावयाचे. गावात हे सर्वांना ठाऊक होते. माझी स्वतःची नातही याच मार्गाने गेली होती. प्रवचनात तेवढे सांगावयाचे राहून गेले.

मुलगी मात्र रोज जात राहिली. वर्षाअखेर हजेरीचा दाखला मिळाला नाही, तर मायदेशी तिला तीच इयत्ता पुन्हा करावी लागणार होती. महिनाभरात महाविद्यालयाचा शिपाई आमच्या दारी तक्रार घेऊन आला.

"गुरुजी, तुमची पाव्हणी लय वक्तशीर हाय. एकटीसाठी कुलूप काढावं लागायलंय, बाकं झाडावी लागायलीत, वर घंटा बी वाजवावी लागायलीय."

"एरवी घंटा वाजत नव्हती?"

"कुणासाठी वाजवू, सांगा की!"

तक्रार करता करता त्यानेच तिला मराठी शिकवली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आधी संकोचले, मग शिकवू लागले, आणि पुढे तर घरून तयारी करून येऊ लागले, असे तो आदराने आणि किंचित काळजीने सांगे. तासाच्या आरंभी प्राध्यापक हजेरीपट उघडत, एकेक नाव वाचत आणि रिकाम्या बाकांकडे पाहून हजेरी मांडत. तिला ती प्रार्थना वाटली. म्हणून सारी नावे संपेपर्यंत ती उभी राहत असे. ऐकून मला हसू आले नाही. आम्हीही श्राद्धात नाव-गोत्र उच्चारून, जे नाहीत त्यांना आलेले मानतो. पण निदान त्यांचे पान तरी वाढतो.

तिचे नाव त्या पटावर नव्हते. ती पाहुणी; तिचा रीतसर प्रवेश झालेला नव्हता.

वर्ष सरले, तेव्हा तिला घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. ते माझ्याच पाठशाळेत शिकलेले.

"गुरुजी, पटावर नावच नाही, तर हजर होती असं कसं लिहू?"

"आणि ज्यांची नावे आहेत?"

"ते नियमात बसतात." त्यांनी दाखल्याचा कोरा नमुना पुढे ओढला. मग म्हणाले, "तुमच्या शब्दाखातर देतो. सगळ्यांसारखीच शंभर टक्के टाकतो."

मी आभार मानून उठणार, तोच मुलगी म्हणाली, "न्हाई सर. चार दिवस मी नव्हते. दोन दिवस ताप होता. दोन दिवस येलदरीचं धरण बघाय गेल्ते."

"अगं बाई, शंभर टक्के कुणी सोडतं का? इथं आम्ही कुणाची गैरहजेरी लिहीतच नाही."

"घे बाळ," मीही म्हणालो, "सर प्रेमाने देत आहेत."

ती माझ्याकडे वळली. "आजोबा, तुमी रोज देवाला निवद दाखवता. ताट रिकामं ठेवता का?"

प्राचार्यांनी टेबलावरचे कागद नीट केले. मी म्हणालो, "ती सांगते तसे लिहा."

दाखल्यात गैरहजेरीचा रकाना होता. तो आपण प्रथमच भरत आहोत, असे कारकून म्हणाला आणि त्याने सुवाच्य अक्षरात 'चार दिवस' लिहिले. खाली दुसरा रकाना होता, वर्गाच्या सरासरी उपस्थितीचा. तेथे त्याने सवयीने 'शंभर टक्के' लिहिले. मुलगी तेव्हा शिपायाचा निरोप घेण्यास बाहेर गेली होती. मी तो आकडा वाचला, आणि दाखला मिळाला हेच पुष्कळ, असे मानून तो घडी घालून तिच्या हाती दिला.

गेल्या महिन्यात तिचे पत्र आले. वर्ष ग्राह्य धरले गेले आहे. मात्र तिच्या तिकडच्या मुख्याध्यापकांनी तिला बोलावून चार दिवसांचे कारण विचारले, तिने तेही खरे सांगितले, आणि त्यांनी समज दिली: तुझ्या भारतीय वर्गमित्रांनी वर्षभरात एकही दिवस चुकवला नाही, आणि तू पाहुणी असून धरण पाहत हिंडलीस? यावर काय उत्तर द्यावे, असे तिने मला विचारले आहे.

रोज पूजा आटोपून मी पत्र लिहावयास बसतो. महाविद्यालयाला दोष देणारी दोन वाक्ये सहज जमतात. तिसऱ्या वाक्यात मला लिहावयाचे आहे की तो रकाना भरला जात असताना मी तेथेच, समोरच्या खुर्चीवर, हजर होतो.